शहराचा गोंगाट मोजला जातो; कानाचे नुकसान कसे मोजायचे?
आंतरकर्णातील विद्युतसंकेतांची नोंद श्रवणदोषाचे नेमके स्थान दाखवते. नवजात बालकांपासून गोंगाटात वावरणाऱ्या तरुणांपर्यंत या चाचणीचे महत्त्व

लखनौ : उत्तर प्रदेशच्या राजधानीतील इंदिरा नगर ही दाट लोकवस्तीची मोठी निवासी वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून देशातील सात महानगरांत ध्वनिपातळीची अखंड नोंद ठेवणारी केंद्रे उभारली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद यांच्याबरोबर त्या यादीत लखनौचेही नाव आहे, आणि लखनौतील निवासी क्षेत्राच्या नोंदीसाठी ज्या जागा निवडल्या गेल्या त्यांत इंदिरा नगरचा समावेश आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

रस्त्यावरचा आवाज अशा रीतीने आकड्यांत मांडता येतो. परंतु त्या आवाजाचा रहिवाशांच्या कानांवर काय परिणाम झाला, हे कोणतेही रस्त्यावरचे यंत्र सांगू शकत नाही. निवासी क्षेत्राची मर्यादा शांतता आणि झोप यांच्या दृष्टीने ठरवलेली आहे; कानाला इजा होण्याची पातळी तिच्या बरीच वर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानता येते. आवाज ९० डेसिबल झाला की ही मुदत आठवड्याला केवळ चार तासांवर येते. डेसिबलचे मोजमाप गुणोत्तराचे असल्याने दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ होय. वरातीतील ध्वनिवर्धक, विसर्जन मिरवणुकीतील ढोल-ताशे, कारखान्यातील यंत्रे किंवा कानात घातलेले इअरफोन ही पातळी सहज ओलांडतात.

अशा आवाजाने होणारे नुकसान नेहमीच्या श्रवणचाचणीत दिसतेच असे नाही. त्यामुळे आंतरकर्णात निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतसंकेतांची नोंद घेण्याच्या तंत्राकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा वळले आहे. या तंत्राला ‘इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी’ असे म्हणतात. हृदयाच्या विद्युतस्पंदनांची नोंद जशी ईसीजीमध्ये होते, तशीच ही कानाची नोंद आहे.

ऑडिओग्राम काय सांगतो?

ऐकू कमी येते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची पहिली चाचणी बहुधा ‘प्युअर टोन ऑडिओमेट्री’ ही असते. ध्वनिरोधक खोलीत रुग्णाला हेडफोन लावून २५० ते ८,००० हर्ट्झ या दरम्यानचे निरनिराळे सूर ऐकवले जातात. सूर ऐकू येताच रुग्णाने बटण दाबायचे किंवा बोट वर करायचे असते. प्रत्येक सुरासाठी सर्वांत मंद कोणता आवाज ऐकू आला, याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. श्रवणयंत्राची निवड आणि दिव्यांगत्वाचा दाखला यांचा मुख्य आधार हाच आलेख असतो.

या चाचणीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे ती रुग्णाच्या प्रतिसादावर अवलंबून असते. त्यामुळे नवजात बालकासाठी ती उपयोगाची नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. संपूर्ण शांततेत किती मंद सूर ऐकू येतो हे ऑडिओग्राम सांगतो, पण ऐकण्याच्या साखळीतील नेमका कोणता दुवा तुटला आहे हे तो सांगत नाही. आंतरकर्णातील पेशी निकामी झाल्या, पेशी आणि चेता यांच्यातील जोड सुटला, की चेतेतच बिघाड आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात आणि उपचारही त्यानुसार बदलतात.

कानातील वीज

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, मध्यकर्णातील तीन लहान हाडे ती कंपने पुढे नेतात आणि ती कॉक्लियामध्ये, म्हणजेच कर्णावर्तात पोहोचतात. गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर तिची लांबी साधारणपणे ३५ मिलिमीटर भरते. तिच्या आतील पातळ पटलावर केशपेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या केशपेशींची संख्या सुमारे १२,००० असते; त्या मंद कंपने वाढवण्याचे काम करतात. आतल्या केशपेशी सुमारे ३,५०० असतात आणि ऐकलेल्या आवाजाची वार्ता श्रवणचेतेकडे पोहोचवण्याची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर असते. श्रवणचेतेत सुमारे ३०,००० तंतू असून त्यांतील बहुसंख्य तंतू या आतल्या केशपेशींशीच जोडलेले असतात.

ही सगळी यंत्रणा विजेवर चालते. कर्णावर्ताच्या मधल्या कप्प्यातील द्रवाचा विद्युतदाब सभोवतालच्या द्रवापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्टने अधिक असतो. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी हा दाब मोजला. कर्णावर्तातील कंपनांच्या अभ्यासासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ध्वनीमुळे केशपेशींच्या टोकांवरील सूक्ष्म केस वाकले की त्यांतील द्वारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशीचा विद्युतदाब बदलतो. त्यानंतर पेशीच्या तळाशी असलेल्या सिनॅप्समध्ये, म्हणजे पेशी आणि चेतातंतू यांच्यातील अतिसूक्ष्म फटीत, रासायनिक द्रव्य सोडले जाते आणि चेतातंतू मेंदूच्या दिशेने विद्युतसंकेत धाडतो.

याचा अर्थ ऐकण्याच्या प्रत्येक टप्प्यावर विजेची वेगळी खूण उमटते. ती खूण बाहेरून पकडता आली, तर कोणता टप्पा चालू आहे आणि कोणता बंद, हे ओळखता येते.

प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतील मांजर

या शोधाची सुरुवात एका चुकीच्या निष्कर्षातून झाली. १९३० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात अर्नेस्ट वीव्हर आणि चार्ल्स ब्रे या संशोधकांनी भूल दिलेल्या मांजराच्या श्रवणचेतेवर इलेक्ट्रोड ठेवला. त्यातून येणारा संकेत वर्धकाने वाढवून दुसऱ्या खोलीतील टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडला. एकाने मांजराच्या कानाजवळ बोलायचे आणि दुसऱ्याने रिसीव्हर कानाला लावायचा, असा प्रयोग होता. रिसीव्हरमधून बोलणे स्पष्ट ऐकू आले. मांजराचा कान जणू मायक्रोफोनसारखे काम करत होता.

चेतेतूनच हुबेहूब आवाज वाहतो, असे त्या वेळी वाटले. परंतु चेतातंतू इतक्या वेगाने स्पंदन पावू शकत नाहीत, असा आक्षेप लवकरच पुढे आला. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी या संकेताचा उगम कर्णावर्तातच असल्याचे सुचवले. पुढील संशोधनातून हा संकेत प्रामुख्याने केशपेशींचा असल्याचे स्पष्ट झाले आणि त्याला ‘कॉक्लियर मायक्रोफोनिक’ हे नाव रूढ झाले.

माणसाच्या कानातून अशी नोंद घेण्याचा प्रयत्न स्वीडनमध्ये १९३५ मध्ये झाला. पडद्याला छिद्र असलेल्या रुग्णांच्या कानात त्यासाठी तार घालण्यात आली होती. मात्र संकेत इतका क्षीण होता की रुग्णालयात त्याचा वापर करणे शक्य झाले नाही. संगणक वापरून पुन:पुन्हा घेतलेल्या नोंदींची सरासरी काढता येऊ लागली, तेव्हा १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपान आणि फ्रान्समधील संशोधकांनी ही चाचणी माणसांवर व्यवहार्य करून दाखवली.

चाचणी कशी होते?

हृदयाच्या ईसीजीत मिळणारा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा असतो. कानाचा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षाव्या भागांत मोजावा लागतो. मेंदूची, स्नायूंची आणि आसपासच्या विद्युत उपकरणांची वीज त्याच्यापेक्षा कितीतरी प्रबळ असते.

इलेक्ट्रोड कर्णावर्ताच्या जितका जवळ, तितका संकेत मोठा, हे या चाचणीचे सूत्र आहे. त्यासाठी तीन मार्ग वापरले जातात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कानाच्या नळीत बसणारे, धातूचा पातळ वर्ख असलेले बोंडूक. त्याने रुग्णाला त्रास होत नाही, पण संकेत अत्यंत लहान मिळतो. दुसऱ्या मार्गात जेल लावलेल्या मऊ टोकाचा इलेक्ट्रोड थेट पडद्यावर अलगद टेकवला जातो. तिसऱ्या मार्गात कानाचा पडदा बधिर करून अथवा भूल देऊन बारीक सुई पडद्यातून आत नेली जाते आणि कर्णावर्ताच्या हाडी भिंतीवर टेकवली जाते. हा संकेत सर्वांत सुस्पष्ट असतो. मात्र त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा हात लागतो.

त्यानंतर कानात ‘टक्’ असा अत्यल्प काळाचा आवाज शेकडो ते हजारो वेळा ऐकवला जातो. प्रत्येक वेळी पुढील काही मिलिसेकंदांत मिळालेली विद्युतनोंद संगणक साठवतो आणि सगळ्यांची सरासरी काढतो. कानाचा प्रतिसाद दर वेळी त्याच क्षणी येतो, त्यामुळे तो टिकतो. इतर वीज अनियमित असल्याने ती सरासरीत विरत जाते. एक हजार नोंदींची सरासरी काढल्यास असा अनियमित गोंधळ सुमारे बत्तीसपट घटतो.

तीन खुणा

या आलेखात तज्ज्ञ तीन गोष्टी शोधतात. पहिली ‘कॉक्लियर मायक्रोफोनिक’. ही मुख्यतः बाहेरच्या केशपेशींची खूण असून ती ध्वनिलहरीचे हुबेहूब अनुकरण करते. दुसरी ‘समेटिंग पोटेन्शियल’. ध्वनी चालू असेपर्यंत विद्युतपातळी एका बाजूला सरकून राहते, ती ही खूण. तिच्यात केशपेशींचा वाटा मोठा असतो. तिसरी ‘ॲक्शन पोटेन्शियल’. श्रवणचेतेचे हजारो तंतू जवळजवळ एकाच क्षणी उद्दीपित झाल्याने आवाजानंतर सुमारे दीड मिलिसेकंदाने ही ठळक शिखररूपी खूण उमटते.

तिन्ही खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्याची युक्ती सोपी आहे. ‘टक्’ या आवाजाची सुरुवात हवेच्या संपीडनाने करता येते, तशीच विरलनानेही करता येते. सुरुवात बदलली की मायक्रोफोनिकची दिशा उलट होते. चेतेच्या प्रतिसादाची होत नाही. दोन्ही प्रकारच्या नोंदींची बेरीज केली की मायक्रोफोनिक लोप पावतो आणि उरलेल्या दोन खुणा दिसतात. वजाबाकी केली की मायक्रोफोनिक हाती लागतो.

भारतातील रुग्णालयांत ‘बेरा’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी याच कुळातील आहे. तिच्यात डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडद्वारे आवाजानंतरच्या दहा मिलिसेकंदांत श्रवणचेता आणि मेंदूचा देठ यांतून जाणाऱ्या संकेताच्या लाटा नोंदवल्या जातात. त्यांतील पहिली लाट आणि इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफीतील ॲक्शन पोटेन्शियल एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत. फरक एवढाच की एक दुरून घेतलेली असते आणि दुसरी जवळून.

नवजात बालकांसाठी निर्णायक

या नोंदीचा सर्वांत ठोस उपयोग नवजात आणि लहान बालकांच्या तपासणीत होतो. बालकांची प्राथमिक तपासणी अनेक ठिकाणी ‘ओएई’ या चाचणीने होते. निरोगी कान आवाजाला उत्तर म्हणून स्वतःही अतिमंद आवाज बाहेर टाकतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. या चाचणीचा पाया तोच. ती काही मिनिटांत होते आणि बाळ झोपलेले असतानाही करता येते. मात्र ती केवळ बाहेरच्या केशपेशींची साक्ष देते. त्यापुढील सिनॅप्स आणि चेता यांविषयी ती काहीही सांगत नाही.

काही बालकांत केशपेशी उत्तम काम करत असतात. परंतु त्यांचा संकेत चेतेत शिरतच नाही किंवा शिरला तरी विस्कळीत होतो. अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दहा रुग्णांच्या अभ्यासातून या विकाराला ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ असे नाव दिले. जन्मानंतरची तीव्र कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मावेळी प्राणवायूची कमतरता आणि काही जनुकीय दोष ही त्याची ज्ञात कारणे आहेत. अशा बालकाची ओएई चाचणी समाधानकारक येते, घरचे निर्धास्त होतात आणि मूल बोलायला उशीर करते, तेव्हाच शंका येते.

या बालकांचे निदान विद्युतनोंदीतूनच होते. बेराच्या लाटा गायब आणि मायक्रोफोनिक ठळक, ही या विकाराची खूण आहे. नोंद घेताना दक्षता न बाळगल्यास येथेही गफलत होऊ शकते. आवाजाची सुरुवात एकाच प्रकारे केली, तर मायक्रोफोनिकच्या लाटा बेराच्या लाटा म्हणून वाचल्या जाण्याचा आणि बालकाला ऐकू येते असा चुकीचा अहवाल दिला जाण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या आवाजांनी नोंद घेणे आवश्यक असते. दिसणारी लाट कानाची आहे की इअरफोनच्या विजेची, हे तपासण्यासाठी आवाज वाहून नेणारी रबरी नळी चिमट्याने बंद केली जाते. आवाज कानापर्यंत न पोहोचताही लाट कायम राहिली, तर ती उपकरणाची असते.

या कारणाने नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या बालकांची तपासणी केवळ ओएईवर न थांबवता बेरा पद्धतीने करावी, अशी शिफारस अमेरिकेतील बालश्रवण समितीने २००७ मध्ये केली. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हे वेळापत्रक आज जगभर मानले जाते.

भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश असून पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची रचना आहे. विद्युतनोंद स्वस्त आणि सुटसुटीत करण्याचे प्रयत्नही देशात झाले आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाच्या सहाय्याने विकसित झालेले ‘सोहम’ हे नवजात बालकांच्या श्रवणतपासणीचे उपकरण जुलै २०१७ मध्ये सादर करण्यात आले. बाळाच्या डोक्यावर तीन इलेक्ट्रोड लावून ते आवाजाला मिळणारा मेंदूतील विद्युतप्रतिसाद टिपते.

दोषाचे नेमके स्थान कळणे किती महत्त्वाचे आहे, हे अलीकडच्या एका उपचाराने अधोरेखित केले. ‘ओटीओएफ’ या जनुकात दोष असलेल्या बालकांत केशपेशी शाबूत असतात. मात्र सिनॅप्समध्ये रासायनिक द्रव्य सोडण्यास लागणारे प्रथिन तयार होत नाही. चीनमधील शांघाय येथे अशा सहा बालकांच्या आंतरकर्णात निर्दोष जनुक पोहोचवण्यात आले आणि त्यांपैकी पाच जणांच्या श्रवणक्षमतेत सुधारणा झाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही सुधारणा मोजण्यासाठीही विद्युतनोंदीचाच आधार घेतला गेला.

चक्कर आणि कानातील दाब

प्रौढांमध्ये ही चाचणी दीर्घकाळ मेनिएर विकारासाठी वापरली जात आहे. फ्रेंच वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात गरगरणारी चक्कर, कमी-अधिक होणारा बहिरेपणा, कानात गुणगुण आणि कान भरून आल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतात. आंतरकर्णातील द्रव वाढल्याने पटल एका बाजूला ढकलले जाते आणि समेटिंग पोटेन्शियल मोठे होते. ॲक्शन पोटेन्शियलच्या तुलनेत त्याचे प्रमाण ०.४ ते ०.५ यापेक्षा अधिक असल्यास द्रवदाब वाढल्याचा संशय बळावतो.

तरीही हा पुरावा एकट्याने निर्णायक मानला जात नाही. विकार असूनही अनेक रुग्णांत हे प्रमाण सामान्य आढळते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेले मेनिएर विकाराचे निकष लक्षणांवर आणि ऑडिओग्रामवर आधारलेले आहेत. त्यांत या चाचणीची अट नाही.

गोंगाटाने होणारी छुपी हानी

‘ऐकू येते, पण गर्दीत बोललेले कळत नाही’ ही तक्रार श्रवणतज्ज्ञांच्या परिचयाची आहे. अशा व्यक्तीचा ऑडिओग्राम अनेकदा सामान्य निघतो. त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण २००९ मध्ये पुढे आले. अमेरिकेतील बोस्टन येथील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांची श्रवणपातळी काही दिवसांत पूर्ववत झाली आणि केशपेशीही शाबूत राहिल्या. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, उच्च सुरांच्या भागातील केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातील सुमारे निम्मे जोड कायमचे नष्ट झाले होते.

मंद आवाज ऐकण्यासाठी थोडे तंतूही पुरतात. एका आतल्या केशपेशीला दहा-वीस तंतू जोडलेले असतात. त्यांतील काही मंद आवाजाला, तर काही केवळ मोठ्या आवाजाला प्रतिसाद देतात. गोंगाटात बोलणे वेगळे काढण्यास दुसऱ्या प्रकारचे तंतू उपयोगी पडतात, असे मानले जाते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत आधी हानी होते ती त्यांचीच. शांत खोलीतील ऑडिओग्राममध्ये ही हानी दिसत नाही. ॲक्शन पोटेन्शियल मात्र चेतातंतूंच्या सामूहिक प्रतिसादावर अवलंबून असल्याने त्याची उंची घटते.

याच गटातील संशोधकांनी २०१६ मध्ये बोस्टन परिसरातील महाविद्यालयीन तरुणांची कानाच्या नळीतील इलेक्ट्रोडने तपासणी केली. मोठ्या आवाजात वारंवार वावरणाऱ्या आणि कानांचे संरक्षण न करणाऱ्या तरुणांचे ऑडिओग्राम नेहमीच्या पट्ट्यात सामान्य होते. परंतु त्यांच्यात दोन विद्युतखुणांचे प्रमाण बदललेले आढळले आणि गोंगाटात शब्द ओळखण्यात ते मागे पडले. याउलट, ब्रिटनमधील मँचेस्टर येथे शंभराहून अधिक तरुणांवर २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात आवाजाशी आलेला संबंध आणि चेतेचा प्रतिसाद यांच्यात नाते आढळले नाही.

या परस्परविरोधी निष्कर्षांची कारणे आहेत. संकेत सूक्ष्म असतो. डोक्याचा आकार, लिंग, वय आणि इलेक्ट्रोडची जागा यांनुसार तो बदलतो. आणि आयुष्यभरात कोणी किती आवाज ऐकला, हे आठवणीवरच ठरवावे लागते. त्यामुळे ‘छुप्या श्रवणहानी’साठी सर्वमान्य चाचणी आजही उपलब्ध नाही. एखाद्या रहिवाशाने इंदिरा नगरच्या किंवा मुंबईच्या गोंगाटाने आपले किती तंतू निकामी झाले, असे विचारले तर वैयक्तिक उत्तर देणे सध्या शक्य नाही. समूहांच्या अभ्यासासाठी आणि पुढील संशोधनासाठी मात्र हे तंत्र मोलाचे ठरत आहे.

शस्त्रक्रियेत साथ

तीव्र बहिरेपणात कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया केली जाते. तिच्यात कर्णावर्तात इलेक्ट्रोडची बारीक माळ सरकवली जाते. ज्या रुग्णांत थोडे नैसर्गिक श्रवण शिल्लक असते, त्यांच्या बाबतीत हीच माळ नोंदीसाठीही वापरता येते. माळ आत जाताना मायक्रोफोनिकची उंची अचानक घसरली, तर नाजूक पटलाला धक्का लागत असल्याचा तो इशारा असू शकतो आणि शल्यविशारद तेथेच हात थांबवू शकतो. इम्प्लांट बसवल्यानंतर ते स्वतः चेतेला विद्युतस्पंदन देऊन तिचा प्रतिसाद टिपते. बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी यंत्राची पातळी ठरवताना या नोंदीची मदत होते.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ मध्ये करण्यात आलेल्या सुधारणेनुसार पाच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी वर्षाला ५०० कॉक्लियर इम्प्लांटची तरतूद करण्यात आली आणि त्यासाठी प्रत्येकी सहा लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या योजनेची समन्वयक संस्था आहे. बालकाचे वय आणि मेंदूतील श्रवणकेंद्रांचा विकास यांचा निकटचा संबंध असल्याने निदानाला झालेला विलंब नंतर भरून काढणे कठीण असते.

कायद्याची मोजपट्टी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यात ७० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असल्यास व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असल्यास कर्णदुर्बल मानली जाते. ही व्याख्या ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद आवाजावर बेतलेली आहे. ऑडिटरी न्यूरोपथीच्या काही रुग्णांत ही पातळी तुलनेने चांगली राहते, पण शब्द कळत नाहीत. वर्गात बसलेल्या अशा मुलाची अडचण ऑडिओग्रामच्या आकड्यापेक्षा मोठी असते. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, तो स्पष्ट होतोच असे नाही. त्यामुळे या मुलांना त्याचा लाभ मर्यादित मिळतो. श्रवणचेता शाबूत असल्यास त्यांच्यापैकी अनेकांना कॉक्लियर इम्प्लांट उपयोगी पडते. त्यासाठी विद्युतनोंदीबरोबर चेतेची एमआरआय तपासणीही करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात सुमारे दीड अब्ज लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असून त्यांपैकी ४३ कोटी लोकांना उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. २०५० पर्यंत ही संख्या अनुक्रमे अडीच अब्ज आणि ७० कोटींवर जाण्याचा अंदाज आहे.

काय लक्षात ठेवावे?

जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या, कमी वजनाच्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची ओएई चाचणी समाधानकारक असली, तरी बेरा चाचणीविषयी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. मूल आवाजाकडे कधी वळते आणि कधी वळत नाही, किंवा त्याच्या बोलण्याच्या विकासात उशीर होत आहे, असे दिसल्यास वाट पाहू नये. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाल्यास ती तातडीची स्थिती समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

गर्दीत बोललेले कळत नसल्याची तक्रार असलेल्या प्रौढांनी ऑडिओग्राम सामान्य आला म्हणून ती सोडून देऊ नये. गोंगाटातील शब्दओळखीची चाचणी करण्याची विनंती श्रवणतज्ज्ञाला करता येते. मोठ्या आवाजाच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी, तसेच ढोल-ताशा पथकांतील वादकांनी इअरप्लगसारखी साधने वापरावीत, ध्वनिवर्धकापासून दूर उभे राहावे आणि मधूनमधून कानांना विश्रांती द्यावी. माणसाच्या कर्णावर्तातील केशपेशी एकदा नष्ट झाल्यावर पुन्हा उगवत नाहीत. त्यांचे आणि त्यांना जोडलेल्या चेतातंतूंचे नुकसान भरून काढणारे औषध अद्याप वापरात आलेले नाही.